अपडेट, चार वाजून बारा

पगार किती, ते तू तिसऱ्या चहाला विचारलंस, नावेद.
सांगते. हातात सव्वीस हजार चारशे.
त्यातले नऊ खोलीचे, भांडुपला, दोघींत.
फोनचा हप्ता वेगळा. फोन माझा,
त्यावरची बातमी कंपनीची.
रात्रपाळीचे एकशे वीस मागावे लागतात,
आणि मागितले की ते कुणाच्या तरी लक्षात राहतात.

काम म्हणजे ट्रायपॉड खांद्याला,
माइकवर वाऱ्यासाठी जुना मोजा,
मथळा साठ अक्षरांत. त्यात जागेचं नाव आधी,
कारण लोक जागेचं नाव शोधतात,
मेलेल्याचं नाही.
चाळीस सेकंद न अडखळता बोलायचं,
मग फूटपाथवर बसून तेच टाइप करायचं,
एका हातानं, दुसऱ्यात केळं.
ही सगळी महिनाभरात येणारी विद्या आहे.

एक मला अजून नीट येत नाही.

मार्चमध्ये टेंभीपाड्याला मॅनहोलमध्ये दोघं उतरले,
वर एकच आला.
मी पोचले तेव्हा दोर तिथंच होता, ओला, अर्धा आत.
ठेकेदाराच्या पोऱ्यानं हजेरीची वही पुढं केली:
ग्यानबा मारोती वाघचौरे. वय एकतीस. तालुका पाथरी.
मी फोटो काढला
आणि लिहिलं, ज्ञानोबा.
हात आपोआप गेला.
दहावीला मराठीत एक्क्याण्णव,
शुद्धलेखनाच्या बाईंची मी लाडकी.
सात मिनिटांत नोटिफिकेशन, दोन लाख फोन,
ऑफिसच्या ग्रुपवर अंगठे:
सगळ्यांच्या आधी आपण.

पाचव्या दिवशी भावाचा फोन. मुंजाजी.
भांडला नाही.
म्हणाला, ताई, अर्जाला तुमच्या बातमीची झेरॉक्स जोडली,
साहेब म्हणतो, हा माणूस येगळा.
आधारवर ग्यानबा, रेशनवर ग्यानबा.
ठेकेदार म्हणतो, आमच्याकडं असा कोणी नव्हताच,
वहीचं ते पानच नाही.
तुमच्यापाशीच तेवढा उरलाय.

मी म्हणाले, अहो, ज्ञानोबा म्हणजेच ग्यानबा. शुद्ध रूप आहे ते.

पलीकडं बराच वेळ नुसत्या रिक्षा.
मग म्हणाला,
'आमचा अशुद्धच व्हता, ताई.
तसाच ऱ्हाऊ द्या.'

बातमी उघडली. त्या दिवशी तिला वाचणारे अकरा जण.
ज्ञानो खोडलं, ग्यान केलं.
खाली आपोआप उमटलं: अपडेट, चार वाजून बारा मिनिटं.
काय बदललं ते सांगायला जागा नव्हती.
मी शेवटी एक ओळ घुसवली,
'मृताचे नाव आधी चुकीचे दिले होते.'
सकाळी कुणीतरी ती काढली होती.
मी परत टाकली.
तिसऱ्यांदा टाकली तेव्हा डेस्कवरून निरोप आला,
जुनी बातमी किती वेळा उकरणार?
उकरणार, असं मी लिहिलं आणि पुसलं.
ओळ ठेवली.

वहीच्या पानाचा फोटो मुंजाजीला पाठवला,
तिरका, कडेला माझ्याच अंगठ्याची सावली.
हे माझ्या कामात मोडतं का, कुणाला विचारलं नाही.

पण दोन लाख फोनांवर गेलेलं परत बोलावता येत नाही.
कुठल्या तरी फोनात, न उघडलेल्या ढिगात,
तो अजून ज्ञानोबा म्हणून मेलेला आहे,
माझ्या अक्षरात.

पैसे मिळाले का, ते मला माहीत नाही.
मुंजाजीचा नंबर बंद लागतो.
मीही रोज लावते असं नाही.

ऊठ. मरोळला गोदामाला आग आहे, तूच जा,
लाइव्ह मी बघते.
पोचलास की आधी नाव विचार,
घरचे हाक मारतात तसं.
आणि कागदावर लिही, फोनवर नको.
फोन न विचारता दुरुस्त करतो.